माणकाच्या पोटातली रेघ

अंगठी तेजाबातून काढून पाण्यात खळबळली आणि उजेडाकडे धरली, तेव्हा नीलकंठराव खरवड्यांना वाटलं, चष्म्यावर वाफ धरली आहे. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. वाफ चष्म्यावर नव्हती, माणकावर होती.

त्यांनी अंगठी पुन्हा बुडवली. रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं घासली. घासावं तसं ते पांढरं कमी होण्याऐवजी जास्तच उघडं पडत गेलं. सकाळी डाळिंबाच्या दाण्यासारखा टपोरा लाल दिसणारा दगड आता आतून तडकल्यासारखा दिसत होता. अंगभर पांढरट भेगांचं जाळं, आणि एका कडेला काहीतरी वितळून बाहेर आलेलं, पिवळसर, सुकलेल्या डिंकासारखं. नखानं टोकरलं तर निघेना.

"मेलो," नीलकंठराव स्वतःशीच म्हणाले.

सोनारकामाची बत्ती पेटवताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर ज्योत भरकटते. डाग देऊन कडीचा सांधा जोडून झाला होता, बत्ती विझवून झाली होती, तरी पंखा पुन्हा लावायचं त्यांना सुचलं नाही. वैशाखातली दुपार, रायपूरच्या तात्यापारा वस्तीतलं ते खोलीवजा दुकान, वर पत्रा. घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

आता एका दगडाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. बिघडला तर भरपाई द्यावी, चार शब्द ऐकून घ्यावेत आणि मोकळं व्हावं. पण भानगड दगड बिघडल्याची नव्हतीच. भानगड होती ती सकाळी नीलकंठरावांनी स्वतःच्या तोंडानं काढलेल्या शब्दांची.

सकाळी ते देवाला उदबत्ती लावत होते, तोच पद्मिनीवहिनी आल्या, लेकीच्या स्कूटीवर मागे बसून. त्यांचे यजमान रामकृष्ण रेल्वेत गार्ड होते. मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीच्या पायी रायपूरला आले आणि इथलेच झाले. बोलका माणूस. ड्यूटीवरून परतताना दुकानाच्या पायरीवर बसून गाडीतल्या गमती सांगायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. पत्रिकेत रवी कमजोर आहे म्हणून त्यांनी लेक निधी शाळेत असताना नागपुरात ही माणकाची अंगठी घेतली होती आणि ती त्यांच्या बोटातून थेट दवाखान्यातच उतरली.

"पोरीले नव्या रायपुरात नोकरी लागली, भाऊ," पद्मिनीवहिनी म्हणाल्या. "सोमवारी जाते. ह्यांची अंगठी तिच्या बोटात ढिली होते. लहान करून द्या. उद्या रविवार हाय, सूर्य निघाला का घालायची."

"मम्मी, मैं ऑफिस में ये नहीं पहनने वाली," निधी मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली. मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर नेहमी हिंदीत येई.

"तू चूप राय."

"और असली है भी कि नहीं, क्या पता. आजकल सब नकली आता है. है ना, अंकल?"

झालं. तिथंच नीलकंठराव फसले. अंगठी लहान करायची तर कडी कापायची, तुकडा काढायचा, टोकं जुळवून डाग द्यायचा. दगड खरा का खोटा, याच्याशी सोनाराला काय देणंघेणं? पण पोरीनं विचारलं, आणि म्हाताऱ्या कारागिराला कुणी विचारलं की त्याला राहवत नाही. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि अंगठी खिडकीकडे धरली.

माणिक पारखायला त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. त्या काळी खोटं माणिक म्हणजे कारखान्यात बनवलेलं. ते लाल असतं, कठीणही असतं, पण त्याचं पोट साफ असतं. फार निरखून पाहिलं तर आत वाकड्या वळशांच्या रेषा दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, नाहीतर एखाद-दुसरा गोल बुडबुडा. खाणीतल्या माणकाचं पोट असं कधीच नसतं. त्यात भेगा असतात, रेशमाच्या धाग्यासारख्या सुया असतात, काही ना काही खोट असतेच. नीलकंठरावांनी पाहिलं. वळसे नव्हते. आरपार जाणारी एक भेग होती, तिला मध्येच दुसरी फुटलेली. एवढं पुरे होतं.

"एकशे एक टक्का असली," त्यांनी भिंग खाली ठेवत निकाल दिला. "पोटात रेघ हाय, बेटा. कारखान्यातल्या दगडाच्या पोटात अशी रेघ राहतच नाई. ही जन्माची असते."

"अब तो हुआ समाधान?" पद्मिनीवहिनींनी लेकीला विचारलं. मग त्यांनी आपल्या समाधानासाठी आणखी एक विचारून घेतलं. "दगड काढून डाग देता का तसाच?"

"माणकाले आगीचं भेव नसते, वहिनी. काढाघालायच्या नादात दगड धरणाऱ्या नख्या तुटतात. तसाच ठेवतो. संध्याकाळी घेऊन जा."

आणि त्या गेल्या. अंगठी खळ्यावर, त्यांच्या कामाच्या पाटावर, टाकून गेल्या, सगळी गल्ली टाकून जाते तशी.

म्हणून नीलकंठरावांची पाचावर धारण बसली होती. सकाळी असली म्हणून छातीठोक सांगितलेला दगड संध्याकाळी नकली निघाला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ऐकणारा एकच अर्थ काढणार. मधल्या वेळात सोनारानं खरा काढून घेतला आणि हा बसवला. कुणीही तोच काढील. ते स्वतः असते तर त्यांनीही तोच काढला असता.

आणि असा अर्थ काढल्यावर काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच गल्लीत चार घरं सोडून भार्गव सोनार बसायचा. हात त्याचा नीलकंठरावांपेक्षा हलका. एका बाईच्या नथीतला मोती बदलल्याचा आळ आला. पोलीस घेऊन गेले आणि संध्याकाळी सोडूनही दिलं, कारण सिद्ध काहीच झालं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बायका त्याच्या दुकानासमोरून जाताना कानातल्यावर पदर घेऊ लागल्या. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. नुसतं यायचं बंद झालं. पुढे तो उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला. एकदा नीलकंठरावांना तो दिसला होता, ट्रकांच्या धुळीत उभा, हातात काठी. दोघांनीही ओळख दाखवली नाही.

"जेवाले येता ना?" आतल्या दारातून रमाबाई आल्या. नवऱ्याचं तोंड पाहून त्या थबकल्या. "काय झालं? छातीत दुखून राहिलं का?"

नीलकंठरावांनी अंगठी पुढे केली. रमाबाईंनी लग्नापासून हे दुकान पाहिलं होतं, त्यांना समजवायला फार शब्द लागले नाहीत. त्या मटकन पायरीवर बसल्या.

"काहून पाहिलं तुमी भिंगातून? कोणी सांगितलं होतं?"

"पोट्टीनं विचारलं."

"पोट्टीनं विचारलं!" रमाबाई म्हणाल्या. मग आवाज एकदम खाली आला. "आपल्याले चोर म्हणतीन लोकं."

हा शब्द नीलकंठरावांनी दगड बिघडल्यापासून मनातसुद्धा उच्चारला नव्हता. बायकोच्या तोंडून ऐकला तशी त्यांनी अंगठी पटकन कागदाच्या पुडीत बांधली.

"गंधालीकडे जातो," ते उठत म्हणाले. "तिच्या मशीनखाली पाहतो काय निघते ते."

गंधाली त्यांच्या चुलतभावाची मुलगी. जयपूरला जाऊन रत्नांची परीक्षा शिकून आली होती आणि सदर बाजारात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिनं तपासणीचं लहानसं दुकान काढलं होतं. नीलकंठराव उन्हातून चालत निघाले. अंगठी कागदाच्या पुडीत, पुडी सदऱ्याच्या आतल्या खिशात, आणि हात वरून खिशावर. गोलबाजाराच्या तोंडाशी कुणीतरी "काका, राम राम" म्हणालं, तर त्यांनी हात काढला नाही, नुसती मान हलवली. चोरीचा माल घेऊन चालल्यासारखं वाटत होतं. खरं तर आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकाच्या सोन्याचा कीससुद्धा ठेवून घेतला नव्हता. त्या अंगठीच्या कडीतून कापलेला इवलासा तुकडाही त्यांनी सकाळीच वेगळ्या पुडीत बांधून, वर पद्मिनीवहिनींचं नाव घालून ठेवला होता.

गंधालीनं अंगठी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, दिवा या बाजूनं त्या बाजूनं फिरवला. फार वेळ लागला नाही.

"काका, तुम्ही याला बत्ती दिली ना? आणि मग तेजाबात टाकलं."

"हव."

"बसा आधी. पाणी प्या." तिनं ग्लास पुढे केला. "हे काचभरलं माणिक आहे. म्हणजे दगड खाणीतलाच, पण भेगांनी इतका भरलेला की अंगठीत बसवायच्या लायकीचा नाही. असे दगड घेतात आणि शिशाची काच वितळवून त्या भेगांत भरतात. भेगा दिसेनाशा होतात, रंग उठून येतो. आगीत ती काच उकळून बाहेर येते, उरलेली तेजाब खाऊन टाकतं. नुसत्या लिंबाच्या रसानंसुद्धा खराब होतात हे."

"पण मी पाहिलं होतं ना, पोरी! पोटात रेघ होती. कारखान्याच्या दगडात रेघ नसते."

"हा कारखान्यात जन्मलेला नाहीच, काका. म्हणून तर तुम्ही फसलात. रेघ दिसली की माणूस खरा म्हणतो, हे विकणाऱ्यालाही माहीत असतं. हे बघा, इथं या."

नीलकंठरावांनी डोळा लावला. तिनं एक दुसरा दगड ठेवला होता, असाच भरलेला पण न बिघडलेला. ती सांगत होती तसा तो त्यांनी थोडा तिरपा केला, तर भेगेच्या कडेनं एक निळी झाक चमकून गेली, माशाच्या पोटावरून जाते तशी. भेगेत चपटे बुडबुडे अडकलेले होते. एकदा दाखवल्यावर इतकं स्पष्ट होतं की शेंबड्या पोरालाही दिसावं. सकाळी अंगठी थोडी तिरपी केली असती तर दिसलं असतं. त्यांनी केली नव्हती, कारण त्यांच्या वडिलांनी शिकवलं तेव्हा हे जगात नव्हतंच.

"तू लिहून देशील का?" त्यांनी विचारलं. "हा आधीपासूनच असा होता, असं?"

गंधालीनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"हा दगड काचभरला आहे, हे मी लिहून देईन, काका. पण सकाळी तुमच्याकडे आला तो हाच होता, हे मी कसं लिहू? मी कुठं पाहिलं?" आणि मग जरा अडखळत म्हणाली, "उलट असा कागद नेलात, तर..."

"हव, समजलं," नीलकंठराव म्हणाले. खोटेपणाचा पुरावा जितका पक्का, तितके तेच चोर ठरणार होते.

"त्यांना फोन करा आणि जे झालं ते सांगून टाका. आत्ता. इथून."

"हव. घरी जाऊन करतो."

पण त्यांनी फोन केला नाही. जिन्यावरून उतरल्यावर ते समोरच्या बोळात शिरले. तिथं खड्यांचा एक व्यापारी होता. कारखान्यातली लाल माणकं त्याच्याकडे वाटाण्यासारखी डब्यात भरलेली असत, चहाफराळाच्या पैशात एक येई. त्यांनी तोच आकार, तीच लांबीरुंदी निवडली. व्यापाऱ्यानं कशासाठी म्हणून विचारलं नाही. तरीही नीलकंठरावांनी आपण होऊन सांगितलं की नाटकातल्या दागिन्याला पाहिजे आहे. असलं काही त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. नख्या सोडवल्या, बिघडलेला दगड काढून पुडीत ठेवला आणि नवा बसवला. आयुष्यभराची सवय. हात या कामाला लागले आणि जराही अडखळले नाहीत. त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटली. दगड असा चपखल बसला की जणू अंगठी त्याच्यासाठीच घडवली होती. लालभडक, नितळ, कुठं डाग नाही.

रमाबाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"छान दिसून राहिला," त्या म्हणाल्या.

"हव."

"कोणाचं काय बिघडते? तिच्याजवळ बी नकलीच होता. आता हा नकली. तिचं काई गेलं नाई."

नीलकंठरावांनीही रस्ताभर स्वतःला हेच सांगितलं होतं. हिशेब अगदी बरोबर होता. तरी स्कूटीचा आवाज आला की ते दाराकडे बघत होते, आणि तात्यापाऱ्यात संध्याकाळी स्कूट्यांना काय तोटा. पहिली दुधवाल्याची निघाली. दुसरी शिकवणीच्या पोरांची. तिसरी दुकानासमोर थांबली.

पद्मिनीवहिनी आत आल्या. निधी बाहेरच स्कूटीवर बसून राहिली होती, मग आईनं हाक मारली म्हणून चपला काढून तीही आली. नीलकंठरावांनी आधी कापलेल्या तुकड्याची पुडी दिली, मग अंगठी. पद्मिनीवहिनींनी ती लेकीच्या बोटात घातली. बरोबर बसली.

"अरे वा," निधी म्हणाली आणि हात लांब करून पाहू लागली. "मम्मी, ये तो एकदम नई लग रही है. अच्छी है यार. ये तो मैं पहन लूँगी."

"पाह्य, मी म्हणत होती ना!" पद्मिनीवहिनींचा चेहरा फुलला. "भाऊ, तुमी त चमकवून टाकली. इतकी त नवी होती तवाबी दिसत नव्हती."

नीलकंठरावांनी तांब्या उचलून घोटभर पाणी प्यायलं. संपलं, सुटलो, असं त्यांच्या मनात आलं. आतल्या दाराच्या फटीतून रमाबाईंच्या बांगड्या वाजल्या.

पद्मिनीवहिनींनी लेकीचा हात हातात घेतला आणि दाराजवळ उजेडात नेला. बोट डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, वर केलं.

"क्या ढूँढ रही हो?"

"पप्पाची रेघ पाहून राहिली." त्या हसल्या. "तुले नाई माहीत. ड्यूटीवर जायच्या आधी रोज खिडकीपाशी उभे राहत अन् मले बोलवत. 'पाह्य पद्मिनी, ही आपली मेन लाइन, अन् ही तिच्यातून फुटली ते लूप लाइन.' मी म्हणे, तुमाले दगडातबी रेल्वेच दिसते. रोज म्हणत. रोज." त्यांनी बोट पुन्हा फिरवलं. "कोठी गेली? दिसून नाई राहिली."

"पॉलिश में चली गई होगी, मम्मी."

पद्मिनीवहिनी वळल्या. त्यांच्या नजरेत संशय नव्हता, हेच भयंकर होतं. शाळेतल्या पोरीनं मास्तरांना शंका विचारावी तसं त्यांनी विचारलं, "पोटातली रेघ पॉलिशनं जाते का हो, भाऊ?"

एक शब्द पुरे होता. जाते. एवढंच म्हणायचं. वहिनींनी मानलं असतं, लेक आनंदात होतीच, स्कूटी सुरू झाली असती आणि आयुष्य पुढे चालू राहिलं असतं. नीलकंठरावांनी तोंड उघडलं. त्यांना भार्गव आठवला, ट्रकांची धूळ आठवली, काठी आठवली. त्यांनी खळ्याची कड धरली.

"नाई जात," ते म्हणाले.

मग त्यांनी पुडी काढली आणि बिघडलेला दगड समोर ठेवला. सगळं सांगितलं. बत्ती, तेजाब, गंधालीनं दाखवलेली काच, बोळातला व्यापारी. काही लपवलं नाही.

निधीनं आधी बोटातली अंगठी उपसून खळ्यावर टाकली. "सुबह आपने बोला असली है. अब बोल रहे हो पहले से नकली था. और बीच में पत्थर बदल भी दिया आपने. हम क्या समझें, अंकल? आप ही बताइए."

दुपारपासून ज्या वाक्याला नीलकंठराव घाबरत होते ते शेवटी आलं होतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

"मैं पुलिस में..."

"निधी," पद्मिनीवहिनी म्हणाल्या.

त्यांनी तो पांढरट दगड दोन बोटांत उचलला आणि पुन्हा दाराशी गेल्या. पाठमोऱ्या उभ्या राहून दगड उजेडात फिरवू लागल्या. त्या रडताहेत का, ते कळत नव्हतं. मग त्या परत आल्या.

"हाय," त्या म्हणाल्या. "आता त जास्तच दिसून राहिली. मेन बी अन् लूप बी." त्यांनी दगड नीलकंठरावांच्या तळहातावर ठेवला. "हाच होता. मले ओळखू येते. हा परत बसवून द्या. तो तुमचा लाल काढा."

"वहिनी, हा आता कधीबी फुटू शकते. काच निघून गेली..."

"फुटू द्या. माह्या घरात फुटन."

नीलकंठराव मांडी घालून बसले. मघाशी चटकन दबलेल्या नख्या आता चिमट्यातून निसटत होत्या. निधीनं मोबाइलचा दिवा लावला आणि त्यांच्या हातांवर धरला. उजेड दाखवायला धरला होता, का ती चित्रीकरण करत होती, ते त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. नख्या एकेक करून दाबल्या. दगड बसला.

अंगठी घेऊन पद्मिनीवहिनी उठल्या. दारात थांबून त्यांनी पदर नीट केला.

"दुपारी फोन केला असता ना भाऊ, अन् म्हटलं असतं का असं असं झालं," त्या म्हणाल्या, "त मी मानलं असतं. काई विचारलं नसतं."

एवढंच. आवाजात राग नव्हता. त्या स्कूटीवर बसल्या आणि गेल्या. नीलकंठरावांच्या डोळ्यांना तेव्हा पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. रमाबाईंनी येऊन पंखा लावला.

रविवारी दुकान बंद होतं. सोमवारी त्यांनी उघडलं आणि वाट बघत बसले. पोलीस आले नाहीत. रामकृष्णांचे कुणी भाऊबंद आले नाहीत. मंगळवारी रमाबाई भाजी आणायला गेल्या आणि गल्लीत कान देऊन परत आल्या. कुणी काही बोलत नव्हतं. पद्मिनीवहिनींनी ही गोष्ट घराबाहेर काढलीच नव्हती. तरीही स्कूटी थांबली की नीलकंठरावांच्या हातातलं काम थांबत होतं.

बुधवारी मीनल आली. पलीकडच्या बोळातली नर्स, रात्रपाळी करून घरी निघालेली, डोळे तांबारलेले. तिच्या पोरीच्या पैंजणाची कडी तुटली होती. तिनं ते खळ्यावर ठेवलं.

"ठेवून जाते, काका. संध्याकाळी पोरीले पाठवते घ्याले."

"थांब," नीलकंठराव म्हणाले. "बस इथं."

"काहून? वेळ लागते का?"

"नाई. तुह्यासमोर करतो."

मीनल हसली. "आमचा तुमच्यावर भरोसा नाई का, काका?"

नीलकंठरावांनी उठून कोपऱ्यातलं स्टूल आणलं, फडक्यानं पुसलं आणि खळ्यासमोर ठेवलं. ती दमलेली होती, वाद घालायचं तिच्यात बळ नव्हतं. ती बसली आणि तिनं मोबाइल काढला. नीलकंठरावांनी पंखा बंद केला, पैंजण दोन्ही हातांनी ताणून तिच्यापुढे धरलं.

"पाह्य, घुंगरू सगळे हायेत. चांदी तीच हाय."

"हव, काका," ती मोबाइलमध्ये बघत म्हणाली.

"तसं नाई. पाह्य."

त्यांनी पैंजण तिच्यासमोर खळ्यावर ठेवलं, बत्ती आणि काडी हातात घेतली. तिनं मान वर करून पैंजण नीट पाहिलं, तेव्हा कुठे त्यांनी काडी ओढली.